दोन वाद्यवृंद आणि एक पेहराव : पापा वेम्बा यांचे प्रकरण

आफ्रिकी कलावंताने आपला वारसा आणि जागतिक प्रभाव यांचा सुंदर मिलाफ साधला, हे वाक्य संगीतविषयक लेखनात आता इतके गुळगुळीत झाले आहे की मिलाफ नेमका कशाचा आणि कुठे झाला, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. कॉंगोचे गायक पापा वेम्बा (१९४९–२०१६) यांच्याबाबत तर ते हमखास लिहिले जाते. एकीकडे कासाई प्रांतातल्या शोकगीतांचा सूर आणि लाकडी ढोल, दुसरीकडे पॅरिसचे स्टुडिओ आणि जपानी फॅशन डिझायनरांचे कोट, आणि या दोहोंचा मिलाफ म्हणजे वेम्बा, अशी ही मांडणी असते. त्यांच्या कारकिर्दीचा तपशील जवळून पाहिला की मात्र चित्र वेगळे दिसते. संगीतात त्यांनी मिलाफ फारसा केला नाही. त्यांनी दोन खाती उघडली, दोन्ही वेगवेगळी सांभाळली आणि दोन्हींकडचे श्रोते वेगळे ठेवले. आवाज सोडला, तर दोन्ही खात्यांत सारखी राहिलेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांचा पेहराव. या प्रकरणाचा अभ्यास करण्याजोगा भाग तोच आहे.

आधी एक खुलासा आवश्यक आहे. वेम्बा हे कात्री आणि टेप घेऊन कापड बेतणारे डिझायनर नव्हते. कपडे इतरांनी शिवलेले असत. ते कसे, कशासोबत आणि कोणत्या तोऱ्यात घालायचे, हे ते ठरवत. कॉंगोची राजधानी किन्शासा येथील तरुणांच्या एका संपूर्ण पिढीने त्यांचे अनुकरण केले. त्यामुळे ‘फॅशन घडवणारा गायक’ हे वर्णन त्यांना लागू पडते, पण ते या मर्यादेसह घ्यावे लागते.

ज्यूल शुंगू वेम्बादिओ पेने किकुम्बा यांचा जन्म १४ जून १९४९ रोजी, तेव्हाच्या बेल्जियन कॉंगोतील सांकुरू भागात, लुबेफू येथे झाला. कुटुंब तेतेला समाजाचे होते. स्वतंत्र कॉंगोचे पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुम्बा हेही याच समाजातले आणि याच भागातले. वेम्बा यांच्या आई व्यावसायिक रुदाली होत्या, म्हणजे कोणाकडे मृत्यू झाला की तेथे जाऊन शोकगीते गाण्याचे काम त्या करत, आणि लहानगा मुलगा त्यांच्याबरोबर जात असे. कुटुंब राजधानीत आल्यावर मुलगा चर्चच्या गायनवृंदात गाऊ लागला. त्यांचा उंच, किंचित थरथरता, वाक्याच्या शेवटी खाली न उतरता वरच रेंगाळणारा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला आईचा व्यवसाय कळल्यावर फारसे आश्चर्य वाटत नाही. ऐन नाचाच्या गाण्यातही तो आवाज कोणाला तरी निरोप देत असल्यासारखा लागतो. वारसा म्हणून त्यांना मिळालेली सर्वांत ठोस गोष्ट हा आवाज होता, आणि ती त्यांनी कोणत्याही स्टुडिओत, कोणत्याही निर्मात्यासाठी बदलली नाही.

कॉंगोच्या शहरी संगीताबाबत मात्र ‘वारसा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. १९३० च्या दशकापासून क्युबाच्या संगीताच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, ‘जी. व्ही.’ क्रमांकांच्या मालिकेतल्या, आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागांत विकल्या जाऊ लागल्या. त्यातल्या तालात कॉंगोच्या लोकांना आपलीच ओळखीची चाल ऐकू आली, आणि ते साहजिकच होते, कारण शतकांपूर्वी गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या लोकांनीच ती तिकडे नेली होती. त्यातून कॉंगोचा रुंबा उभा राहिला. पियानो आणि त्रेस (गिटारसारखे क्युबन तंतुवाद्य) यांचे काम गिटारने उचलले, स्पॅनिश शब्दांच्या जागी लिंगाला भाषा आली. म्हणजे वेम्बा यांच्या तरुणपणी जो ‘आपला’ रुंबा होता, तोच मुळात एकदा समुद्र ओलांडून परत आलेला होता. देशी आणि विदेशी अशी सरळ विभागणी येथे पहिल्या पायरीवरच डळमळते.

डिसेंबर १९६९ मध्ये किन्शासात झायको लांगा लांगा या वाद्यवृंदाची स्थापना झाली आणि वीस वर्षांचे वेम्बा त्यात गाऊ लागले. तेव्हा त्यांना ‘ज्यूल प्रेस्ली’ या टोपणनावाने ओळखत. प्रेस्ली अर्थातच अमेरिकेचा. फ्रँको आणि ताबू ले रोशरो या आधीच्या पिढीच्या दिग्गजांच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचा भरणा असे. या विद्यार्थी वयाच्या मुलांनी फुंकवाद्ये सरळ वगळली, गिटार आणि ड्रम पुढे आणले आणि गाण्याचा वेग वाढवला.

याच काळात राष्ट्राध्यक्ष मोबुतू यांचे ‘ऑथेंटिसिटे’ धोरण, म्हणजे अस्सलपणाचे सरकारी फर्मान, देशावर लादले गेले. ऑक्टोबर १९७१ मध्ये देशाचे नाव झैर झाले. त्यानंतर ख्रिस्ती नावे बाद ठरली. ‘ज्यूल’ गेले, ‘प्रेस्ली’ तर गेलेच. पाश्चात्त्य सूट आणि टाय यांवर बंदी आली आणि त्यांच्या जागी ‘अबाकोस्त’ आला. ‘सूट मुर्दाबाद’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून नाव पडलेला हा बंद गळ्याचा, टायविना घालायचा कोट माओंच्या चीनमधील पोशाखाशी बराच मिळताजुळता होता. अस्सल आफ्रिकी म्हणून सक्तीने घालायला लावलेल्या कपड्याचा तोंडवळा चिनी असावा, यातली विसंगती त्या काळी उघडपणे बोलून दाखवणे धोक्याचे होते.

वेम्बा यांनी या धोरणातले काय घेतले आणि काय टाकले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. संगीतापुरता वारसा त्यांनी मनापासून घेतला. डिसेंबर १९७४ मध्ये झायको सोडून त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘इसिफी लोकोले’ काढला, वर्षभरात तोही सोडून ‘योका लोकोले’ काढला. दोन्ही नावांतला लोकोले म्हणजे ओंडका पोखरून केलेला, वर लांबट फट ठेवलेला, दोन काठ्यांनी वाजवायचा ढोल, जो पूर्वी गावोगाव निरोप पोहोचवण्यासाठी वापरत. या ढोलाला चामडे नसते. फटीच्या दोन कडांची जाडी वेगळी ठेवतात, त्यामुळे एका कडेवर उंच आणि दुसऱ्या कडेवर खालचा स्वर निघतो, आणि स्वरांच्या चढउतारावर अर्थ ठरणाऱ्या भाषांतली वाक्ये त्या दोन स्वरांत ‘बोलता’ येतात. विजेच्या गिटारींच्या गर्दीत वेम्बा यांनी हे वाद्य आणून बसवले, आणि तेतेला भाषेतली, लोकगीतांच्या चालीवरची गाणी लिंगालाभाषक राजधानीत लोकप्रिय करून दाखवली. कपड्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी सरकारी अस्सलपणा साफ नाकारला.

१९७७ मध्ये त्यांनी ‘व्हिवा ला म्युझिका’ हा स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला. नाव स्पॅनिश, म्हणजे पुन्हा क्युबाकडे बघणारे. किन्शासाच्या मातोंगे वस्तीतल्या आपल्या घराच्या आवाराला आणि भोवतालच्या काही रस्त्यांना त्यांनी ‘मोलोकाई गाव’ असे नाव दिले. हे नाव त्या पाच रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून जुळवलेले होते. स्वतःला त्यांनी या गावाचे पारंपरिक मुखिया म्हणून घोषित केले. ऐन महानगरात गाव वसवून त्याची पाटीलकी स्वतःकडे घेणारा हा मुखिया पारंपरिक वेशात नव्हे, तर घोट्याशी निमुळत्या होत जाणाऱ्या पॅंटी, चकाकते चामडी बूट आणि कानांवर बारीक कापलेले केस अशा थाटात फिरत असे. त्याच्या ‘गावात’ येणाऱ्या पोरांनीही तसेच यायचे, आंघोळ करून, दाढी करून, अत्तर लावून, हा तिथला अलिखित नियम होता. कोफी ओलोमिदे आणि किंग केस्टर एमेनेया हे पुढचे मोठे गायक याच आवारातून वर आले.

या पेहरावाच्या चळवळीला ‘ला साप’ म्हणतात आणि तिच्या अनुयायांना सापेर. ती वेम्बा यांनी जन्माला घातली नाही. कॉंगो नदीच्या दोन्ही तीरांवर, किन्शासा आणि समोरच्या तीरावरील दुसऱ्या कॉंगो देशाची राजधानी ब्राझाव्हिल येथे, वसाहतकाळातच नोकर, कारकून आणि पॅरिसहून परतलेले लोक युरोपीय कपड्यांत मिरवू लागले होते. वेम्बा यांनी तिला संगीत दिले, मंच दिला आणि रेडिओवरून घरोघरी पोहोचवले. ब्राझाव्हिलचे सापेर आजही प्रामुख्याने सूटचे भक्त आहेत. एका वेशात तीनपेक्षा अधिक रंग नकोत, असा त्यांचा दंडक सांगितला जातो. किन्शासाची शाखा अधिक बेबंद झाली. योजी यामामोतो आणि कॉम दे गार्सों यांचे ढगळ, विषम कापाचे, काळे जपानी कपडे तिथे प्रतिष्ठेचे ठरले, आणि यात वेम्बा यांच्या स्वतःच्या आवडीचा वाटा मोठा होता. पायात मात्र जे. एम. वेस्टन या फ्रेंच कंपनीचे बूट, शक्यतो मगरीच्या कातड्याचे. वेम्बा यांचे स्नेही, स्टेर्वोस नियार्कोस या नावाने ओळखले जाणारे सापेर, यांनी तर ‘कितेंदी’ म्हणजे कापडाचा धर्मच पुकारला. ते १९९५ मध्ये पॅरिसच्या तुरुंगात वारले.

साप म्हणजे मोबुतूंच्या अबाकोस्तविरुद्धचा मूक निषेध, असे विवेचन पुष्कळ ठिकाणी केलेले आढळते. ते मला अर्धेच पटते. नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलमध्ये अबाकोस्तची सक्ती नव्हती आणि तरीही तिथली पोरे त्याच बुटांसाठी तीच उपासमार सोसत होती. किन्शासात सूट घालणे हे फर्मान मोडणे होते, हे खरे; पण मूळ ओढ निषेधाची नव्हती, दर्जाची होती. खिशात काही नसताना, नोकरीची आशा नसताना, अंगावरच्या कपड्यांनी आपण कोण आहोत हे स्वतः ठरवायचे, ही ती ओढ. मोबुतूंनी एकपक्षीय राजवट संपल्याची आणि टायला मुभा दिल्याची घोषणा केली ती २४ एप्रिल १९९० रोजी. तोवर वेम्बा यांचे चाहते दशकाहून अधिक काळ मनाजोगते कपडे घालत आलेले होते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेम्बा यांनी पॅरिसला बस्तान हलवले, आणि येथून प्रकरणाचा गाभा सुरू होतो. युरोपात तेव्हा ‘वर्ल्ड म्युझिक’ नावाचा, पाश्चात्त्येतर संगीताचा नवा बाजार उभा राहत होता. १९९२ मध्ये ‘ल व्हॉयाजर’ हा त्यांचा अल्बम ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएल यांच्या रिअल वर्ल्ड या कंपनीने काढला. १९९३ मध्ये गॅब्रिएल यांच्या दौऱ्यात ते गायले. १९९५ च्या ‘इमोशन’ या अल्बमची निर्मिती स्टीफन हेग यांनी केली, ज्यांचे नाव तोवर ब्रिटिश सिंथ-पॉपशी, म्हणजे सिंथेसायझरवर आधारलेल्या पॉप संगीताशी, जोडले गेले होते. त्यात ओटिस रेडिंग यांचे एक अमेरिकी सोल गाणेही होते.

कॉंगोचा श्रोता गाणे कसे ऐकतो, हे समजल्याशिवाय या अल्बममधला फरक लक्षात येत नाही. कॉंगोच्या गाण्याचे साधारण दोन भाग असतात. पहिला संथ, कडव्यांचा, गायकांच्या एकत्रित सुरावटीचा. दुसरा ‘सेबेन’, ज्यात शब्द मागे पडतात, दोनतीन गिटारी छोट्या चक्राकार तुकड्यांची गुंफण सुरू करतात, ड्रम उसळतो आणि ‘अतालाकू’ म्हणजे आरोळ्या देणारा माणूस नर्तकांना नवनव्या पावलांची नावे पुकारतो. सेबेन चारपाच मिनिटे सहज चालतो, प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याच्या कितीतरी पट. श्रोते पैसे देतात ते खरे तर त्यासाठी. ‘इमोशन’मधली गाणी तीनचार मिनिटांत संपतात. पहिला भाग उरतो, आवाज पुढे येतो, कीबोर्डचे मऊ अस्तर लागते आणि सेबेन जवळपास नाहीसा होतो. ज्या श्रोत्याला लिंगाला कळत नाही आणि जो खुर्चीत बसून ऐकणार आहे, त्याच्यासाठी हा हिशेब अगदी बरोबर होता, आणि अल्बम उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यातला आवाज तर इतर कुठल्याही ध्वनिमुद्रणापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. मातोंगेतल्या श्रोत्याला मात्र ते गाणे सुरू होण्याआधीच थांबल्यासारखे वाटले असणार.

वेम्बा यांनी या पेचावर काढलेला तोडगा साधा होता. पॅरिसमध्ये त्यांनी दोन वाद्यवृंद चालवले. आंतरराष्ट्रीय मंचांसाठी मोजक्या, निरनिराळ्या देशांच्या वादकांचा एक. आणि कॉंगोच्या श्रोत्यांसाठी, मग ते किन्शासात असोत वा पॅरिस-ब्रसेल्समध्ये, गायक-नर्तकांचा भलामोठा ताफा असलेला व्हिवा ला म्युझिका. ‘इमोशन’च्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्यांनी कोफी ओलोमिदे यांच्यासह काढलेला संयुक्त अल्बम पूर्णपणे घरच्या श्रोत्यांसाठी होता. एक माणूस, एक आवाज, पण एका अल्बमचा ग्राहक दुसऱ्याच्या वाटेला क्वचितच जात असे. याला मिलाफ म्हणता येत नाही. मिलाफात दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावे लागते. येथे कोणालाच काही सोडायला लागले नाही, कारण दोन्ही श्रोत्यांना एका खोलीत कधी बसवलेच नाही. या व्यवस्थेला मी कमी लेखत नाही. बाजारासाठी संगीत पातळ केले, हा आरोप ज्या ज्या आफ्रिकी कलावंतांवर झाला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांपाशी घरचे खाते चालू ठेवण्याची ताकद उरली नव्हती. वेम्बा यांनी ते शेवटपर्यंत चालू ठेवले.

कपड्यांना मात्र दोन आवृत्त्या नव्हत्या. गॅब्रिएल यांच्यासोबतच्या मंचावर असोत की किन्शासातल्या रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमात, वेम्बा त्याच थाटात उभे राहत. आणि गंमत अशी की दोन्हींकडच्या प्रेक्षकांना त्यात परस्परविरुद्ध गोष्ट दिसे. युरोपीय प्रेक्षकाला त्या पेहरावात आफ्रिकी रंगेलपणा दिसे, किन्शासाच्या प्रेक्षकाला त्यात ‘मिकिली’, म्हणजे युरोप, दिसे. कपडा एकच, आणि दोघांनाही तो परका आणि हवाहवासा. संगीतात जे साधले नाही, ते येथे साधले, आणि माझ्या मते याचे कारण असे की कपड्याला भाषा कळावी लागत नाही आणि सेबेनसाठी थांबावे लागत नाही.

या व्यवस्थेचा खर्च कोण देत होते, हा प्रश्न टाळून हे प्रकरण पुरे होत नाही. कॉंगोच्या संगीतात पैसे घेऊन गाण्यात एखाद्याचे नाव घालण्याची पद्धत रूढ आहे. तिला ‘लिबांगा’ (शब्दशः दगड) टाकणे म्हणतात. व्यापारी, राजकारणी, युरोपात पैसा कमावलेले सापेर आपले नाव गाण्यात यावे म्हणून मोबदला मोजत. ध्वनिमुद्रणांच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जाणाऱ्या देशात, जिथे मानधनाचा भरवसा नव्हता, तिथे हे उत्पन्न महत्त्वाचे होते. दुसरा मार्ग अधिक काळा होता. युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या वाद्यवृंदात वादक नसलेली माणसे सदस्य म्हणून घुसवायची, त्यांना व्हिसा मिळवून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे. अशा माणसांना लिंगालात ‘न्गुलू’, म्हणजे डुकरे, म्हणत; या एका शब्दात त्यांच्याकडे कसे पाहिले जाई ते कळते. फेब्रुवारी २००३ मध्ये फ्रान्समध्ये वेम्बा यांना याच आरोपावरून अटक झाली, काही महिने त्यांनी तुरुंगात काढले आणि २००४ मध्ये बोबिन्यी येथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून ३० महिन्यांची, बहुतांशी स्थगित, कैद आणि १०,००० युरो दंड सुनावला.

न्यायालयाचा निकाल स्पष्ट आहे आणि त्याची सफाई देण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. हा गुन्हा घडू शकला तो घरच्या खात्यामुळे. मोजक्या वादकांच्या आंतरराष्ट्रीय संचात कोणाला लपवता येणार नव्हते; डझनावारी गायक, नर्तक आणि अतालाकू असलेल्या ताफ्यात आणखी काही नावे खपून जात. शिवाय ज्या पोरांना युरोपात जायचे होते, त्यांच्या मनात ‘मिकिली’चे स्वप्न पेरण्याचे काम वीस वर्षे याच पेहरावाने केले होते. किन्शासातली टीका नेमकी हीच होती, आणि ती अटकेच्या फार आधीपासूनची होती: ज्या घरात दिवसाला एकदाच चूल पेटते, तिथल्या मुलाला वेस्टनच्या बुटांचे वेड लावणारा माणूस त्याला काय देतो? मान, प्रतिष्ठा, क्षणभराचा दिमाख, असे उत्तर सापेर देतात. ते उत्तर खोटे नाही, पण तेवढ्याने टीका निकालात निघत नाही.

तुरुंगातून बाहेर आल्यावर आपल्याला तिथे देव भेटला असे वेम्बा सांगत, आणि त्या अनुभवावर त्यांनी गाणेही केले. लोकप्रियता फारशी ओसरली नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात, फेमुआ महोत्सवात गात असताना ते मंचावरच कोसळले आणि त्यांचे निधन झाले. वय ६६ होते. पार्थिव किन्शासात संसदभवनात दर्शनासाठी ठेवण्यात आले आणि सापेर आपल्या सर्वोत्तम कपड्यांत तिथे आले. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही कॉंगो देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने कॉंगोच्या रुंब्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

दोन खात्यांची पद्धत मात्र त्यांच्याबरोबर संपली नाही. वेम्बा यांच्या आवारातून पुढे आलेल्या कोफी ओलोमिदे यांच्या ‘कार्तिए लातँ’ या वाद्यवृंदातून पुढे फाली इपुपा आले. त्यांनी २०१७ मध्ये ‘तोकूस’ हा आंतरराष्ट्रीय श्रोत्यांसाठी बेतलेला, छोट्या आर अँड बी वळणाच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि लगेच २०१८ मध्ये ‘कंट्रोल’ हा लांबलचक रुंबा गाण्यांचा अल्बम घरच्या चाहत्यांसाठी. दोन्हींची विक्री, दोन्हींचे मंच आणि दोन्हींचे श्रोते पुन्हा वेगवेगळे होते, आणि छायाचित्रांतले कपडे पुन्हा पॅरिसचे.